जमीनवापराचा आराखडा पाळायला कोण लावतो? डहाणूचा अनुभव

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याच्या दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुऊर्जा केंद्र आहे, आणि उत्तरेला गुजरातची हद्द ओलांडली की वापीचा रासायनिक कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. मुंबई जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग तालुक्यातूनच जातो. उद्योगांना हवे असलेले सारे काही इथे असूनही या तालुक्यात आजवर चिकूच्या वाड्या, वारली पाडे, जंगल आणि मच्छीमारांच्या वस्त्या टिकून राहिल्या. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि येथील जमिनीचा वापर कसा राहील हे ठरवून दिले, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. परंतु अशा अधिसूचना आणि असे आराखडे महाराष्ट्रात आणि देशात इतरत्रही आहेत, आणि त्यांतील कित्येकांची आज कोणाला आठवणही नाही. डहाणूत आराखडा पाळला गेला तो कशामुळे, आणि अलीकडे त्याला भगदाड पडले ते कोठून, हे नीट समजून घेतले तर जमीनवापराचा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो हे बरेचसे उलगडते.

आधी आराखडा म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात शहरांसाठी विकास योजना आणि शहराबाहेरच्या मोठ्या क्षेत्रासाठी प्रादेशिक योजना अशी तरतूद आहे. प्रादेशिक योजनेच्या नकाशावर शेतीचा म्हणजे हरित पट्टा, वन, रहिवासी पट्टा, औद्योगिक पट्टा असे भाग रंगवलेले असतात आणि सोबतच्या नियमावलीत कोणत्या पट्ट्यात काय चालेल हे लिहिलेले असते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती व सूचना पाठवण्यासाठी किमान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. याच कायद्याच्या कलम १८ नुसार, योजना प्रसिद्ध झाल्यानंतर शेतीखेरीज अन्य कारणासाठी जमिनीचा वापर बदलायचा असेल तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि ही परवानगी योजनेशी विसंगत असून चालत नाही. एवढे वाचून कोणालाही वाटेल की गावकऱ्यांची जमीन सुरक्षित आहे, कारण हरित पट्ट्यात कारखान्याला परवानगीच मिळणार नाही.

प्रत्यक्षात या भिंतीला अनेक दारे आहेत आणि ती कायद्यानेच ठेवलेली आहेत. पहिले दार म्हणजे फेरबदल. योजना मंजूर करणारे राज्य सरकारच ती बदलू शकते, आणि एखाद्या गट क्रमांकापुरता हरित पट्टा औद्योगिक करण्याचा प्रस्ताव राजपत्रातील एका सूचनेने सुरू होतो. ही सूचना गावात कोणी वाचत नाही, हरकतीची मुदत निघून जाते, आणि काही महिन्यांनी जेसीबी आल्यावर गावकऱ्यांना कळते की त्यांच्या शेजारची जमीन केव्हाच औद्योगिक झालेली आहे. दुसरे दार औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ हा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली क्षेत्र अधिसूचित करून भूसंपादन केले जाते, आणि नगररचना कायद्यातील कलम ४० नुसार एमआयडीसीची त्या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक होऊ शकते. तसे झाले की ज्याला जमीन विकसित करायची आहे तोच तिच्या वापराचे नियम ठरवणाराही होतो. तिसरे दार महसूल कायद्यात आहे. पूर्वी कारखान्यासाठी बिनशेती परवाना घेण्याच्या निमित्ताने तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत कागद फिरत असे आणि त्या वाटेवर हरकत घेण्याची संधी मिळत असे. १९९४ मध्ये जमीन महसूल संहितेत आलेल्या कलम ४४-अ मुळे, योजनेत उद्योगासाठी दाखवलेल्या जमिनीच्या बाबतीत ही परवानगीची अटच उरली नाही. म्हणून नकाशावरचा रंग पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचा झाला आहे, आणि तो रंग बदलण्याचा अधिकार गावाकडे नाही.

डहाणूचे वेगळेपण इथेच आहे. तेथील लढ्याची सुरुवात औष्णिक वीज प्रकल्पापासून झाली. तेव्हाच्या बीएसईएस कंपनीच्या ५०० मेगावॉटच्या प्रकल्पाला १९८९ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, तिला स्थानिकांनी आव्हान दिले, आणि मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले. म्हणजे वीज प्रकल्प आला. परंतु धुरातील गंधकाचे वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याची मंजुरीतील अट सहजासहजी सोडून देता येणार नाही, एवढी गोष्ट न्यायालयाने निकालात राखून ठेवली. या हरलेल्या खटल्यानंतर तीनच महिन्यांनी वर सांगितलेली अधिसूचना निघाली. तिच्यात उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे तीन प्रवर्ग केले होते. हिरव्या प्रवर्गातील उद्योगांना मुभा, नारिंगी प्रवर्गातील उद्योगांना अटींसह मंजुरी आणि लाल प्रवर्गातील उद्योगांना बंदी अशी ती रचना होती. उद्योगांसाठीची एकूण जागा ५०० एकरांपर्यंत मर्यादित केली होती. मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याचीही तरतूद होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, राज्य सरकारने एक वर्षाच्या आत 'सध्याच्या जमीनवापरावर आधारित' प्रादेशिक योजना तयार करावी आणि त्यात दाखवलेल्या वाड्या, आदिवासी क्षेत्रे व हरित क्षेत्रे यांचा वापर बदलू देऊ नये, असा आदेश तिच्यात होता. त्यामुळे फेरबदलाचे दार राज्य सरकारला मनाला येईल तेव्हा उघडता येईना, कारण कुलूप केंद्रीय कायद्याचे होते.

तरीही अधिसूचना निघाली म्हणून काही थांबले नाही. एक वर्षात व्हायची योजना रखडली आणि तिला केंद्राची सशर्त मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. दरम्यान १९९४ मध्ये पर्यावरणविषयक पत्रकार बिट्टू सहगल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून तालुक्याची पाहणी करून घेतली आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला. अधिसूचना, प्रादेशिक योजना आणि नीरीच्या शिफारशी यांची अंमलबजावणी करण्यासाठी एक वैधानिक प्राधिकरण नेमावे, उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असावेत आणि जलविज्ञान, सागरविज्ञान, परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी, नियोजन अशा विषयांचे जाणकार त्यात असावेत, असे त्या आदेशाने सांगितले. त्याप्रमाणे डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.

या प्राधिकरणाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते डहाणूच्या साऱ्या गोष्टीतील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. आपल्याकडे सामान्यतः आराखडा करणारा विभाग वेगळा, परवानगी देणारा वेगळा, प्रदूषण तपासणारा वेगळा आणि न्याय देणारे न्यायालय तर फारच दूर अशी स्थिती असते. एखाद्या आदिवासी पाड्यातील माणसाला आपल्या विहिरीत राखेचे पाणी येते अशी तक्रार करायची असेल तर त्याने यांपैकी कोणाकडे जायचे हेच त्याला कळत नाही. डहाणूच्या प्राधिकरणाने ही सारी कामे एका टेबलावर आणली. सुनावण्यांत कंपनीचे वकील, सरकारी अधिकारी, बागायतदार, मच्छीमार आणि कार्यकर्ते समोरासमोर बसत असत, म्हणणे मांडायला वकील लावण्याची गरज नसे, आणि अंतिम निर्णय लेखी व कारणांसह येत असे. सावधगिरीचे तत्त्व आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व यांचा वापर करण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयानेच त्याच्यावर घातले होते. प्रकल्पाने नुकसान होईलच हे सिद्ध करण्याचा सगळा भार गावकऱ्यांच्या डोक्यावर राहू नये, हा सावधगिरीच्या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ आहे.

वीज प्रकल्पाचेच उदाहरण घ्या. गंधक काढणारी यंत्रणा, जिला उद्योगात एफजीडी म्हणतात, ती बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने मे १९९९ मध्ये दिला. कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले, यंत्रणेची गरजच नाही असा युक्तिवाद केला, मुदती वाढवून घेतल्या, आणि दरम्यान कंपनीची मालकीही बदलून रिलायन्सकडे गेली. प्राधिकरण मात्र तारखा देत राहिले आणि विचारत राहिले. अखेरीस यंत्रणा बसवण्याच्या हमीपोटी कंपनीला ३०० कोटी रुपयांची बँक हमी द्यायला लावण्यात आली, आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. हे काम आठ वर्षांचे होते. त्या आठ वर्षांत सरकारे बदलली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, कंपनी बदलली. आदेश देणारी संस्था आणि तिच्यापुढे येऊन बसणारी माणसे मात्र तीच राहिली. आराखड्याची अंमलबजावणी म्हणजे एखादा मोठा निकाल असे आपण समजतो, पण तिचा बहुतेक भाग अशा चिकाटीच्या पाठपुराव्याचा असतो. केंद्र सरकारने मध्यंतरी हे प्राधिकरण बंद करण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली होती, यावरूनही त्याच्या अस्तित्वाचा दबाव किती होता हे दिसते.

दुसरे उदाहरण वाढवण बंदराचे. डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण येथे पी अँड ओ या परदेशी कंपनीचे मोठे बंदर उभारण्याचा प्रस्ताव नव्वदच्या दशकात पुढे आला. प्राधिकरणाने सुनावणी घेऊन १९९८ मध्ये तो नाकारला. बंदर म्हणजे केवळ धक्का नव्हे, त्याच्यामागोमाग रस्ते, लोहमार्ग, गोदामे, भरावासाठी दगड-माती आणि नव्या वस्त्या येतात, आणि सध्याचा जमीनवापर कायम ठेवण्याच्या अधिसूचनेशी हे सारे विसंगत आहे, असा त्या निर्णयाचा गाभा होता. सतरा-अठरा वर्षे तो विषय मिटल्यासारखा होता. मग जवाहरलाल नेहरू बंदर आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्या भागीदारीत नवा प्रस्ताव आला, फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली, आणि समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून बंदर किनाऱ्यापासून आत उभारण्याची आखणी झाली.

आता मूळ अधिसूचनेला हात न लावता हा मार्ग कसा मोकळा झाला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. अधिसूचनेत लाल प्रवर्गातील उद्योगांना बंदी होती, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत बंदरे लाल प्रवर्गात मोडत होती. एप्रिल २०२० मध्ये मंडळाने निर्देश काढून बंदरांना उद्योगांऐवजी 'बिगर-औद्योगिक' कामांच्या गटात टाकले, आणि जून २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याच धर्तीवर कार्यालयीन ज्ञापन काढले. उद्योगांवरची बंदी जागेवर राहिली, परंतु बंदर हा उद्योगच नाही असे ठरले. डहाणूतील एकाही माणसाला यासाठी हरकत-सूचनेची नोटीस गेली नाही, कारण कागदोपत्री डहाणूच्या आराखड्यात काहीच बदलले नव्हते. त्यानंतर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात वाद झाला, तज्ज्ञ समित्यांचे अहवाल आले, आणि धर्माधिकारी यांच्या पश्चात पुनर्रचना झालेल्या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला अटींसह मंजुरी दिली. मच्छीमार संघटना व पर्यावरण संस्थांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली.

न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही मला असे प्रामाणिकपणे वाटते की या प्रकरणात स्थानिक आराखड्यावर अन्याय झाला. बंदर असावे की नसावे यावर दोन मते असू शकतात. ज्या शब्दावर आराखड्याची सारी बंदी टेकलेली आहे त्या शब्दाचा अर्थ बदलण्याआधी आराखड्याखाली राहणाऱ्या लोकांना विचारले पाहिजे, यावर मात्र दोन मते नसावीत. यातून आराखडा लिहिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्टही निघते. 'लाल प्रवर्गातील उद्योग' असे बाहेरच्या यादीकडे बोट दाखवणारे शब्द सोयीचे असतात, पण ती यादी दिल्लीत बदलली की गावाचा आराखडा आपोआप बदलतो. त्याऐवजी औष्णिक प्रकल्प, बंदर, रासायनिक साठवण, खाण, दगडखाण अशी कामांची नावेच आराखड्यात लिहिली, तर ती वगळण्यासाठी आराखडाच बदलावा लागेल आणि मग लोकांना नोटीस द्यावीच लागेल.

शेजारच्या गोव्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. तेथे २००६ मध्ये अधिसूचित झालेली 'प्रादेशिक आराखडा २०११' ही योजना जनक्षोभामुळे २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावी लागली, आणि तिच्या जागी गावागावांतून सूचना घेऊन 'प्रादेशिक आराखडा २०२१' तयार झाला. हा आराखडा लोकांनी आपला मानला. पुढे नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) द्वारे, आराखड्यातील 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा पट्टा बदलण्याची सोय करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द केले आणि ते कलम खऱ्याखुऱ्या चुकांपुरतेच वापरता येईल असा अर्थ लावला. डहाणूत शब्दाचा अर्थ बदलून जे झाले तेच गोव्यात दुरुस्तीच्या नावाने होऊ घातले होते, आणि तिथे न्यायालय मध्ये उभे राहिले.

ग्रामसभेच्या ठरावाचे वजन किती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन चालू असताना सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. हजारो शेतकऱ्यांनी मत नोंदवले, पण त्या मताला कायद्याचे बळ नव्हते. ते संपादन अखेर बारगळले ते मुदतीत निवाडा, म्हणजे संपादनाचा व मोबदल्याचा अंतिम आदेश, न झाल्यामुळे. याउलट ओडिशातील नियमगिरीत, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ मधील आदेशानुसार बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटची खाण नाकारली तेव्हा प्रकल्प थांबला, कारण तिथे वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेला होता. डहाणू हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला तालुका आहे. तेथे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ नुसार अनुसूचित क्षेत्रात संपादनासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. म्हणून ठराव करताना 'आमचा विरोध आहे' एवढे लिहून थांबू नये. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ग्रामसभा हा निर्णय घेत आहे, कोणते गट क्रमांक, कोणते सामूहिक वनहक्क आणि कोणते पाणवठे बाधित होतात, हे ठरावातच नोंदवले तर तो ठराव पुढे न्यायाधिकरणात पुरावा म्हणून उभा राहतो.

कारखान्याची चाहूल लागलेल्या गावाने पहिल्या आठवड्यात काय करावे, याचे उत्तर साधे आहे. सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयातून संबंधित गट क्रमांकांचा झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या पट्ट्यात येते याचा दाखला, आणि भाग नकाशा घ्यावा. जागा हरित पट्ट्यात असूनही काम सुरू झाले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उद्योगाच्या संमतीपत्राची आणि पर्यावरणीय मंजुरीची प्रत मागावी, कारण अर्जात दाखवलेला उद्योग आणि जागेवर उभा राहणारा उद्योग यांत अनेकदा फरक निघतो. मुदती मात्र कडक आहेत. पर्यावरणीय मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत करावे लागते आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. मूळ अर्जासाठी सहा महिने आणि वर ६० दिवस मिळतात. त्यानंतर कितीही न्याय्य प्रकरण असले तरी ते ऐकले जात नाही.

वाढवणच्या बाबतीतही प्राधिकरणाचे काम संपलेले नाही. मंजुरीसोबत अटी आहेत, आणि बंदराकडे जाणारा नवा रस्ता व लोहमार्ग ज्या गावांतून जाणार आहे त्यांच्या दोन्ही बाजूंना गोदामांसाठी, कंटेनर तळांसाठी, हॉटेलांसाठी पट्टाबदलाचे प्रस्ताव येणार, हे कोणत्याही बंदराच्या परिसराकडे पाहून सांगता येते. समुद्रातील भरावाला बंदीतून वाट काढून दिली गेली असली तरी तालुक्यातील जमिनीला १९९१ ची अधिसूचना, ५०० एकरांची मर्यादा आणि वाड्यांचा वापर न बदलण्याचे बंधन आजही लागू आहे. त्या गावांतील बागायतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या गट क्रमांकांचे झोन दाखले आत्ताच काढून ठेवावेत आणि बंदराच्या मंजुरीतील अटींची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी.